डाळ कच्ची मोजायची की शिजलेली? डायटिशियन होऊ पाहणाऱ्या मुलीला उत्तर

बार्शीहून एका मुलीचा प्रश्न आलाय. बारावी सायन्स, ६८ टक्के. नीटमध्ये जमलं नाही. घरचे म्हणतात नर्सिंगला जा, हिला डायटिशियन व्हायचंय. तिने विचारलंय ते थोडक्यात असं: पदवी कोणती घ्यायची, वर्षं किती लागतात, गणित कच्चं आहे तर चालेल का, सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून काम सुरू करता येईल का, नोकरी कुठे मिळते, आणि शेवटी, धाकट्या भावालाही यात रस आहे तर मुलांना घेतात का. शिवाय वडिलांचं एक वाक्य तिने जसंच्या तसं लिहिलंय: "जेवायचं कसं हे शिकायला कॉलेज कशाला पाहिजे?"

मी बावीस वर्षं पुण्यात रुग्णालयांतून डायटिशियनचं काम करतेय, आणि आठवड्यातून दोन दिवस शिकवतेही. वडिलांच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण माझे वडीलही हेच म्हणाले होते आणि पहिल्या नोकरीत पाचव्या आठवड्यात मला ते पटलंही होतं.

२००३ साल. एका खाजगी रुग्णालयात नुकतीच लागले होते. खुब्याचं हाड मोडलेले एक आजोबा वॉर्डात होते, मधुमेही, पडून राहून पाठीला जखम झालेली. जखम भरायची तर प्रथिनं हवीत. मी रात्री बसून सुंदर हिशेब केला: ७० ग्रॅम प्रोटीन, साखर आटोक्यात, सगळं नीट बसवलेलं. किचनच्या स्लिपवर लिहिलं, 'डाळ ३० ग्रॅम, दोन्ही वेळा; मटकी ३० ग्रॅम'. चार दिवस फाइलमध्ये माझी सही, 'डाएट अ‍ॅज अ‍ॅडव्हाइज्ड'. पाचव्या दिवशी जेवणाच्या वेळी सहज त्यांच्या खोलीत गेले. ताटात वाटी होती आणि वाटीच्या तळाला डाळीचा एक पिवळा थर. चमचा आडवा धरला असता तर बुडला नसता.

तरातरा खाली किचनमध्ये गेले. तिथले महाराज शांतपणे काट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मॅडम, तुम्ही तीस लिहिलंत, मी तीस दिलं." त्यांनी शिजलेलं वरण मोजलं होतं. ३० ग्रॅम कच्ची तूरडाळ शिजून घट्ट गोळा झाली तरी पाऊणशे-ऐंशी ग्रॅमच्या घरात जाते, पाणी घालून वरण केलं तर आणखी पुढे. म्हणजे आजोबांना मी लिहिलेल्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा डाळ मिळत होती. महाराज प्रामाणिक, काटा बरोबर, माझा हिशेब बरोबर. फक्त 'कच्ची' हा एक शब्द मी लिहिला नव्हता. त्या विषयात मला पदवीला ७८ मार्क होते.

तर तुझ्या वडिलांना सांग, जेवायचं कसं ते घरी शिकता येतं. दुसऱ्याला, आजारी माणसाला, ठरलेल्या मापाने खायला कसं घालायचं हे मात्र घरी शिकता येत नाही. आणि तुला हे सांगते की कॉलेजही यातलं निम्मंच शिकवतं. अन्नघटकांचे तक्ते आपण ज्या पुस्तकातून वापरतो, ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं २०१७चं, ५२८ पदार्थांचं. त्यातली धान्यं नि डाळी जवळजवळ सगळ्या कच्च्या आहेत, तशाच असायला हव्यात. पण माणूस शिजलेलं खातो. पदवी निवडताना माझी कसोटी एकच आहे: हे कॉलेज मुलीला कच्च्यापासून शिजलेल्यापर्यंत किती वेळा नेतं? तिथे चांगलं किचन आहे का, आणि रुग्णालयात कुठे पाठवतात, किती महिने?

आता रस्ता सांगते. बारावीनंतर बीएससी. पदवीचं नाव कॉलेजागणिक बदलतं. कुठे बीएससी होम सायन्स आणि त्यात पोषण व आहारशास्त्र हा विशेष विषय, कुठे सरळ न्यूट्रिशन अँड डायटेटिक्स, कुठे क्लिनिकल न्यूट्रिशन, तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात चार वर्षांचं कम्युनिटी सायन्स, ज्याला पूर्वी गृहविज्ञानच म्हणत. नावाला भुलू नकोस. 'क्लिनिकल' लिहिलेल्या काही अभ्यासक्रमांत तीन वर्षांत रुग्ण दिसतो तो पॉवरपॉइंटवर, आणि 'होम सायन्स' असं जुनाट नाव असलेल्या कॉलेजातल्या मुली दुसऱ्या वर्षाला तीस जणांचा स्वयंपाक करून त्याचा दरडोई खर्च काढत असतात. या प्रवेशासाठी नीटचे मार्क विचारत नाहीत, तेव्हा ते दुःख इथेच सोड.

महाराष्ट्रात मुंबईला निर्मला निकेतन, माटुंग्याचं बीएमएन, जुहूला एसएनडीटीचं सर विठ्ठलदास ठाकरसी कॉलेज, पुण्यात कर्वे रस्त्यावर एसएनडीटीचंच गृहविज्ञान महाविद्यालय, नागपूरला एलएडी. ही जुनी, नाव असलेली ठिकाणं. गोव्यात पणजीला होम सायन्सचं कॉलेज आहे. तुला बार्शीहून पुणं नि परभणी दोन्ही आवाक्यात आहेत. परभणीत रुग्णालयाचा संबंध कमी येईल, पण अन्नशास्त्र, प्रयोगशाळा आणि गावपातळीवरचं काम भरपूर, आणि कृषी विद्यापीठ असल्याने शिक्षण स्वस्त. घरची ओढाताण असेल तर पदवी तिकडे करून एमएससीला पुण्या-मुंबईला येणं हा अजिबात वाईट मार्ग नाही. माझ्या हाताखालची सध्याची सगळ्यात भरवशाची मुलगी अशीच आलेली आहे.

पदवी तीन वर्षांची, नव्या शैक्षणिक धोरणात ऑनर्स घेतलंस तर चार. तेवढ्यावर थांबलीस तर जिममध्ये, एखाद्या कंपनीच्या कॉल सेंटरसारख्या 'डाएट डेस्क'वर किंवा कॅटरिंगमध्ये काम मिळेल. रुग्णालयात डायटिशियन म्हणून धरत नाहीत, धरलं तरी दुय्यम ठेवतात. त्यामुळे पुढे एमएससी किंवा निदान एक वर्षाचा डायटेटिक्सचा पदव्युत्तर डिप्लोमा. मग रुग्णालयात इंटर्नशिप. त्यानंतर इंडियन डायटेटिक असोसिएशनची, म्हणजे आयडीएची, आरडी परीक्षा. ही संघटना १९६३ पासूनची, आणि आपल्याकडे 'आरडी' म्हणजे रजिस्टर्ड डायटिशियन ही तिचीच परीक्षा. ती दिल्याशिवाय नोकरी मिळतच नाही असं नाही, पण मोठ्या रुग्णालयांच्या जाहिरातीत 'आरडी असल्यास प्राधान्य' असं असतं आणि ते खरंच पाळतात. बारावीपासून धरलं तर एकूण सहा वर्षं. एमबीबीएसपेक्षा कमी नाहीत, हे घरी आधीच सांगून टाक. नाहीतर तिसऱ्या वर्षाला 'झालं ना शिक्षण' म्हणून स्थळं यायला लागतात. आमच्या बॅचच्या निम्म्या मुली तिथेच गळल्या.

अभ्यासात सगळ्यात जास्त मुली कुठे आपटतात? बायोकेमिस्ट्रीत. स्वयंपाकाची आवड म्हणून आलेल्या मुलीला पहिल्या वर्षी एन्झाइम, क्रेब्ज सायकल (पेशीत अन्नापासून ऊर्जा होते ती साखळी), अमिनो आम्लांच्या रचना पुढ्यात आल्या की वाटतं आपण चुकीच्या वर्गात बसलोय. एटीकेटीचा विषय हाच. पण हा विषय टाळून डायटिशियन होता येत नाही, आणि त्याचं कारण एका उदाहरणाने सांगते.

कुणी बरेच दिवस जवळजवळ उपाशी असेल, म्हणजे गिळता न येणारा कॅन्सरचा रुग्ण, दारूपायी जेवण सुटलेला माणूस, अति तीव्र कुपोषित मूल, तर आपली पहिली इच्छा काय होते? पोटभर खायला घालू या. नेमकं तेच धोक्याचं. एकदम भरपूर कर्बोदकं गेली की इन्शुलिन उसळतं, त्यासरशी रक्तातलं फॉस्फेट पेशींच्या आत ओढलं जातं, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही. रक्तातली पातळी कोसळली की हृदयाचे ठोके बिघडतात. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात, आणि माणूस यात दगावू शकतो. दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली असलेलं, आजारी बाळ पोषण पुनर्वसन केंद्रात येतं, तेव्हा म्हणूनच त्याला सुरुवातीला एफ-७५ नावाचं दूध देतात, १०० मिलीला फक्त ७५ किलोकॅलरी, थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. ते सावरलं, भूक परतली, की मग एफ-१००. बाळाची आजी शेजारी बसून म्हणत असते, "एवढुशानं काय हुतंय, अजून घाला की." तिची माया खरीच असते. तिला नाही म्हणायचं, आणि का नाही म्हणतोय ते तिला पटेल अशा शब्दांत सांगायचं, तर क्रेब्ज सायकलचं ते पान तुझ्या डोक्यात पक्कं असावं लागतं. ते सांगायचं नसतं, पण असावं लागतं.

बायोकेमिस्ट्रीचं नाव निघालं म्हणून एक आडवळण घेते. या विषयाला घाबरणाऱ्या मुलींना मी कमला सोहोनींबद्दल सांगते. पूर्वाश्रमीच्या भागवत. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी, मुलगी म्हणून, आधी प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवली, विज्ञानात अशी पदवी घेणारी पहिली भारतीय स्त्री. पुढे कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केलं, आणि मुंबईला रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नीरा, कडधान्यं, धानाचं पीठ अशा साध्यासुध्या, गरिबाच्या खाण्यातल्या पदार्थांवर संशोधन केलं. आपल्या या शास्त्राची पाळंमुळं तिथली आहेत. कुन्नूरची ती प्रयोगशाळा १९१८ साली बेरीबेरी या रोगाच्या शोधासाठी एका खोलीत सुरू झाली आणि १९५८ ला हैदराबादला गेली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था, जिच्या तक्त्यावर माझी नि तुझी डाळ मोजली जाते.

गणिताचं काय? बीजगणित, कॅल्क्युलस काही नाही. टक्केवारी, सरासरी आणि त्रैराशिक, एवढ्यावर बावीस वर्षं काढली. संख्याशास्त्राचा एक पेपर असतो, तो सुटतो. पण ते त्रैराशिक वॉर्डात उभ्या उभ्या, कोणी तरी हाका मारत असताना करता आलं पाहिजे. कसं असतं ते दाखवते.

समज, ४५ वर्षांचे गृहस्थ, कापडाच्या दुकानात बसून काम, शाकाहारी. ठरलंय: १८०० किलोकॅलरी, ६० ग्रॅम प्रोटीन. ज्वारीत प्रथिनं साधारण दहा टक्के. ५० ग्रॅम पिठाची भाकरी धरली तर एका भाकरीत ५ ग्रॅम. दिवसाला चार, झाले २०. तूरडाळ ३० ग्रॅम कच्ची म्हणजे एक वाटी वरण, त्यात साडेसहा. दोन वाट्या, १३. दूध नि दही मिळून ४०० मिली, आणखी १३. मटकीची उसळ एक वाटी, कच्ची ३० ग्रॅम, ६. भाजीतलं शेंगदाण्याचं कूट २० ग्रॅम, ५. एकूण ५७. भाजी आणि बाकी किरकोळ मिळून ३, झाले ६०. ऊर्जा मोज: भाकऱ्यांच्या ६७०, डाळ २००, दूध-दही पावणेतीनशे, मटकी ९०, कूट शंभर, चार चमचे तेल १८०. पंधराशेच्या वर गेलो. भाजी, एक फळ, दोन कप चहाची साखर धरून अठराशे भरतात. पनीर नको, प्रोटीन पावडर नको. बार्शीतल्या कुठल्याही घरात मिळेल असं ताट.

कागदावर हे वीस मिनिटांचं काम. खरी अडचण पुढे आहे. ते गृहस्थ चार भाकऱ्या खातात हे कबूल, पण त्यांच्या घरची भाकरी ५० ग्रॅमची आहे का? पहिल्या वर्षाच्या मुलींना मी पहिल्याच आठवड्यात हे काम देते: घरी आई किंवा आजी जो पिठाचा गोळा घेते, तो थापायच्या आधी काट्यावर ठेवायचा आणि त्यातलं पीठ किती ते काढायचं. गेल्या वर्षी वर्गात ३५ ग्रॅमपासून ११० ग्रॅमपर्यंत आकडे आले. कोल्हापूरकडची एक आणि पुण्यातली सदाशिव पेठेतली एक, अशा दोघींच्या 'एका भाकरी'त तिपटीचा फरक. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. म्हणून रुग्णाला 'काल काय काय खाल्लं?' असं विचारताना, आमच्या भाषेत २४ तासांचा रिकॉल घेताना, 'दोन भाकऱ्या' हे उत्तर म्हणजे अजून काहीच कळलेलं नाही असं समजायचं. आम्ही टेबलावर पुठ्ठ्याच्या वर्तुळाकार चकत्या ठेवतो, तीन आकारांच्या वाट्या ठेवतो. "यातली तुमची कोणती?" असं विचारलं की माणूस हसतो आणि मोठी उचलतो.

'मीठ कमी करा' हेही तसंच. दोन ग्रॅम सोडियम म्हणजे पाच ग्रॅम मीठ, एक सपाट चमचा, दिवसभराचं. माणूस इमानदारीत सांगतो, "भाजीत वरून मीठ घेतच नाही." आणि ताटात पापड, लोणचं, सांडगी मिरची, संध्याकाळी फरसाण. खायचा सोडा घातलेला ढोकळा तर त्याच्या मते पथ्याचाच. हे चौकशीतच निघतं, रिपोर्टात नाही.

आता इंटर्नशिप, कारण सगळं तिथे ठरतं. सकाळी साडेसातला किचनमध्ये हजर. रात्रीत दाखल झालेले कोण, एनबीएम कोण, म्हणजे तोंडाने काहीच द्यायचं नाही असे कोण, कोणाचं लिक्विडवरून सॉफ्ट झालं, कोणाला नाकातून नळीने, आरटी फीड. या सगळ्याची डाएट शीट. मग ट्रे भरताना उभं राहायचं. साडेनऊपासून राउंड. डॉक्टरांच्या मागे फाइल धरून चालायचं आणि विचारलं नाही तर बोलायचं नाही, असं आमच्या वेळी होतं. आता मुली बोलतात, चांगलं आहे. दुपारी ओपीडी. या साऱ्यात मी माझ्या इंटर्न मुलींना एक काम हमखास देते, जे कुठल्याच लॉगबुकात नाही: जेवणानंतर परत आलेले ट्रे बघायचे. कोणी काय टाकलंय. चार्ट आपण लिहितो, परत आलेला ट्रे रुग्ण लिहितो.

आणि खोलीत शिरलं की आधी पलंगाच्या आजूबाजूला बघायचं. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मूत्रपिंड निकामी झालेले एक काका, पोटॅशियम ६.२. पाचच्या आत हवं. औषध चालू, आहारात पोटॅशियम बेतानेच. भाज्या चिरून, भरपूर पाण्यात उकळून, पाणी काढून टाकून दिलेल्या. तरी आकडा उतरेना. डॉक्टर मला विचारतायत, मी किचनला विचारतेय. इंटर्न मुलगी, जेमतेम दुसरा आठवडा, हळूच म्हणाली, "मॅडम, पलंगाखाली शहाळी आहेत." चार होती, एक फोडलेलं. भेटायला येणारा प्रत्येक नातेवाईक एक शहाळं घेऊन येत होता. दवाखान्यात जायचं तर शहाळं न्यायचं, ही आपली रीत. एका शहाळ्यात पाचसहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम सहज. काका बिचारे कोणाचं मन मोडायचं नाही म्हणून पीत होते. दोन दिवसांत आकडा खाली आला. त्या मुलीने परीक्षेत किती मार्क मिळवले ते मला माहीत नाही. तिला नोकरी मी दिली.

म्हणून कॉलेजला फोन करशील तेव्हा 'प्लेसमेंट किती टक्के' हे विचारू नकोस, त्याचं उत्तर सगळीकडे शंभरच असतं. विचार: इंटर्नशिप कुठल्या रुग्णालयात, किती आठवडे, आणि त्यात डायलिसिस, आयसीयू, लहान मुलांचा वॉर्ड आहे का? सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात मिळाली तर डोळे मिटून घे. तिथे एसी नसतो, स्टायपेंड बऱ्याचदा नसतो, पण दिवसाला इतके रुग्ण दिसतात की खाजगीत तेवढे महिन्यात दिसणार नाहीत. शिवाय हातात पैसे नसलेल्या माणसाला काय खायला सांगायचं, हे तिथेच कळतं.

सहा महिन्यांच्या ऑनलाइन कोर्सबद्दल माझं मत कडक आहे, आणि आता कायदाही त्याच बाजूला झुकलाय. २०२१ साली संसदेने सहयोगी आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत डायटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट दोन्ही आहेत, आणि राज्य परिषदांकडे नोंदणीची तरतूद आहे. तोवर आपल्या देशात कुणीही दारावर 'डायटिशियन' अशी पाटी लावू शकत होतं, अडवणारं कोणी नव्हतं. २०२५ मध्ये या आयोगाचे दहा व्यवसायांचे नवे अभ्यासक्रम आले, त्यात आपलाही आहे. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून या कायद्याखाली येणारे विषय ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने शिकवायला विद्यापीठांना बंदी केली. अन्न व पोषणशास्त्र आणि क्लिनिकल न्यूट्रिशन त्यात नावानिशी आहेत. तेव्हा घरबसल्या पदवी देतो म्हणणाऱ्या कुणालाही फी भरण्याआधी हे विचार. आधीच पदवी असलेल्यांनी मधुमेहावरचा किंवा खेळाडूंच्या आहारावरचा छोटा कोर्स ऑनलाइन केला तर हरकत नाही, मीही केलेत. पण पाया म्हणून नाही. प्रवेश घ्यायच्या वर्षी त्या कॉलेजला एवढंच थेट विचार की तुमची पदवी आयोगाच्या नोंदणीला चालेल का, आणि उत्तर ईमेलवर मागून घे.

नोकरी. पगार ऐकून निराश होऊ नकोस, पण आधी ऐक. माझ्या विद्यार्थिनींना एमएससीनंतर पुण्यात रुग्णालयात सुरुवातीला वीस हजारांच्या आसपास मिळतात, काहींना त्याहून कमी. तेवढ्याच वर्षांत इंजिनिअर झालेली मैत्रीण तुझ्या दुप्पट कमावत असेल. शिवाय काही ठिकाणी डायटिशियनला नेमतात रुग्णालयाच्या मानांकनासाठी, आणि राबवतात कॅन्टीन मॅनेजरसारखं. माझ्या त्या पहिल्या नोकरीत महिन्याचे शेवटचे चार दिवस मी चहाच्या कुपनांचा हिशेब लावत असे. रुग्ण बघायचं राहून जाई आणि त्याबद्दल कोणी विचारतही नसे. मुलाखतीला जाशील तेव्हा एकच विचार: एका डायटिशियनकडे किती बेड, आणि किचनचा स्टोअर कोण बघतं? उत्तरावरून नोकरी कळते.

पाच-सात वर्षांनी चित्र पालटतं, विशेषतः एखादी बाजू धरलीस तर. मूत्रपिंड, कॅन्सर, अतिदक्षता, लहान मुलं. यात माणसं कमी आहेत. सरकारी बाजूला जिल्हा रुग्णालयांतली पोषण पुनर्वसन केंद्रं आहेत, एकात्मिक बालविकास योजना आहे, जी १९७५ पासून चालू आहे. पण तिथल्या बऱ्याच जागा कंत्राटी. स्वतःची ओपीडी सोलापूर, लातूर, बार्शीसारख्या गावांत आता चालते, पाच वर्षांपूर्वी चालत नव्हती. मात्र रुग्णालयात निदान तीन वर्षं काढल्याशिवाय पाटी लावू नकोस. बाहेरच्या ओपीडीत वजन कमी करायला आलेल्या बाईंच्या बॅगेत वॉरफॅरिनची, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी, गोळी असते, आणि तिला रोज पालकाचा ज्यूस सुरू करायचा नसतो, हे वॉर्डात राहिलेल्या मुलीच्याच लक्षात येतं.

नर्सिंगबद्दल घरचे म्हणतायत ते टाकाऊ नाही. नोकरीची शाश्वती नर्सिंगला जास्त आहे, परदेशी जाण्याची सोयही. तुला रुग्णाजवळ राहायचंय, पण रात्रपाळी नि इंजेक्शनं नकोत, एवढंच कारण असेल तर पुन्हा विचार कर. पण बाजारात भाजीवालीशी बोलताना 'ही कशी करतात?' असं तू विचारतेस का? लग्नाच्या पंगतीत, दोनशे माणसांना किती किलो तांदूळ लागला असेल असं मनात येतं का? कुणी 'डॉक्टरांनी भात बंद केला' म्हटलं की 'का?' असं वाटतं का? तसं असेल तर ये.

आता भावाचं. एसएनडीटी हे महिला विद्यापीठ, १९१६ साली महर्षी कर्व्यांनी काढलेलं, तिथली ही पदवी मुलींसाठीच. त्याला परभणी चालेल, आणि सहशिक्षण असलेली इतर कॉलेजंही आहेत. फॉर्म भरण्याआधी तेवढं बघून घ्यायचं. वर्गात चाळीस मुलींत तो एकटा असण्याची तयारी हवी. आमच्याकडे असाच एक जण आहे, सध्या डायलिसिस युनिटला. सुरुवातीला रुग्णांचे नातेवाईक त्याला वॉर्डबॉय समजून स्ट्रेचर आणायला सांगायचे. पुरुष रुग्ण मात्र त्याला दारूचं प्रमाण खरं सांगतात. मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.